बिनआरशाची स्कूटर

निमाची बातमी आली तेव्हा मी मिरा रोडला, हाटकेशमध्ये सलीमभाईच्या गॅरेजच्या गाळ्यात प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसले होते. स्कूटरचा मागचा ब्रेक ढिला झाला होता, तेवढंच काम होतं. पण सलीमभाई दर खेपेला विचारतो तसं त्याने याही खेपेला विचारलं, “दीदी, शीशा डाल दूं क्या? पुलिसवाला फिर पकडेगा.” मी दर खेपेसारखं “नको, रहने दो” म्हणणार, तेवढ्यात फोन वाजला. निमाचा धाकटा भाऊ होता. त्याला अख्खा गाव दादूस म्हणतो, म्हणून मीही म्हणते. तो म्हणाला, “शुभाताय, बाय गेली.” मी “बरं” म्हटलं. अशा वेळी काय म्हणतात ते कुणी शिकवत नाही, आणि माझ्या तोंडून “बरं” निघालं, जसं काही तो दूध आणायला सांगत होता. रडू आलं नाही. आधी नुसता थकवा आला. तिच्या आजारपणातली सगळी धावपळ, सगळ्या लिफ्ट, सगळ्या रांगा, सगळं एकदम पायात उतरलं आणि मला स्टुलावरून उठवेना. सलीमभाईने पाणी दिलं. काय झालं ते त्याने विचारलं नाही, आरशाचंही पुन्हा काढलं नाही.

आता तिला जाऊन काही आठवडे झाले. तिच्या गावी, मोरव्याच्या नाक्यावर तिचा बॅनर लागला होता. त्यावर तिचा फोटो मधोमध, आणि भोवती हात जोडलेले दहाबारा साहेब, त्यातल्या निम्म्यांना सायकलला दोन चाकं असतात एवढंच माहीत असावं. खाली लिहिलं होतं, “सहकाऱ्यासाठी सुवर्णपदकावर पाणी सोडणारी त्यागमूर्ती.” शोकसभेतही तेच. जो उठला त्याने त्यागाची गोष्ट सांगितली आणि दर वेळी ती थोडी फुगली. मी मागच्या रांगेत बसून ऐकत होते आणि माझं डोकं उठलं होतं. कारण निमा कुणी त्यागमूर्ती बिगमूर्ती नव्हती. ती रस्त्यावरच्या शर्यतींत सायकल चालवणारी बाई होती, तो तिचा पोटापाण्याचा धंदा होता, आणि त्या सुवर्णपदकाच्या दिवशी खरं काय झालं ते तिने मरण्याआधी मला सांगितलं होतं. ते तसंच्या तसं सांगायचं म्हणून हे लिहायला बसलेय.

आमची ओळख भाईंदरच्या कॉलेजातली. आमचं कुटुंब गिरगावातून मिरा रोडला आलेलं; दोन खोल्यांच्या मोहात आलो आणि पुढची दहा वर्षं आई “गिरगावात असं नव्हतं” म्हणत राहिली. निमा मोरव्याची, मूळची, सात पिढ्यांची. तिची आई बाजारात सुकी मासळी विकायची. निमा रोज दादूसची सायकल घेऊन कॉलेजला यायची, ओढणी कमरेला गच्च बांधून, आणि रिक्षावाल्यांना मागे टाकायची. हौस म्हणून नाही, लेक्चरला उशीर व्हायचा म्हणून. एका वर्षी शहरात कुठल्याशा मंडळाने सायकल शर्यत ठेवली. मुलींच्या गटात चारच जणी होत्या आणि बाकीच्या तिघी अजून वळणावर दिसायच्या होत्या तेव्हा निमा पोचून पाणी पीत होती. बक्षीस मिळालं प्रेशर कुकर. तो कुकर तिच्या घरात अजून आहे, शिट्टी बदललेली, पण आहे. त्या शर्यतीला मुंबईचे, सायकलिंग शिकवणारे एक सर पाहुणे म्हणून आलेले. त्यांनी तिचा पत्ता घेतला आणि पुढच्या महिन्यात खरोखर घरी आले, तेव्हा मावशीने, म्हणजे तिच्या आईने, आधी त्यांना लग्नाचं स्थळ आणणारा समजून चहाबरोबर लाडू दिले.

सरांनी सांगितलं की हिला वेगाची सवय लावायची तर पुढे एक गाडी हवी. गाडीने वारा कापायचा आणि हिने गाडीच्या मागच्या चाकाला जवळजवळ चिकटून यायचं. गाडी म्हणजे माझ्या बाबांची स्कूटर, आणि चालवणारी म्हणजे मी. मला कुणी विचारलं नाही. पहाट उलटली की मोरव्याहून निघायचं, डोंगरीचा चढ, उत्तन, आणि परत. रस्त्याच्या कडेला बोंबील वाळत असायचे, मिठागरांवरून खारा वारा यायचा, आणि मी विचार करायचे की ही पडली तर मी मावशीला काय तोंड दाखवू. म्हणून मी सारखी आरशात बघायचे. आरशात बघितलं की माझा हात ढिला पडायचा, स्कूटर हळू व्हायची, आणि निमा मागून माझ्या नंबरप्लेटवर यायची. एकदा खरोखरच आली. दोघी गवतात. उठून तिने गुडघ्याचं रक्त पुसलं, स्कूटरजवळ गेली, सायकलचा पाना काढला आणि दोन्ही आरसे काढून माझ्या हातात ठेवले. “बघायाचं न्हाय. इचारायचं,” ती म्हणाली.

म्हणजे असं ठरलं की मी मान न वळवता ओरडायचं “हाय?” आणि मागून तिने ओरडायचं “हाय.” आहेस का, तर आहे. उत्तर आलं तर वेग धरायचा, नाही आलं तर सोडायचा. मी म्हटलं, आमच्याकडे ‘आहे’ म्हणतात. तर म्हणाली, तुमचं ‘आहे’ दोन श्वासांचं, धाप लागल्यावर कुणाला परवडतंय, आमचं ‘हाय’ एका श्वासात बाहेर पडतं. हे तिचं म्हणणं मला अजूनही बरोबर वाटतं. ती स्कूटर केव्हाच भंगारात गेली. त्यानंतर दोन आल्या. पण स्कूटर घेतली की पहिल्या दिवशी आरसे काढायचे ही आमची रीतच झाली, लोक लिंबू-मिरची बांधतात तसं. दंड भरला, ऑफिसातल्यांनी चेष्टा केली, नवऱ्याने नाद सोडला. निमा सुट्टीवर घरी आली की मी अंधेरीच्या ऑफिसला जाण्याआधी तिच्यापुढे स्कूटर काढायची, तिशी उलटून गेली तरीसुद्धा.

पुढे तिला खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी खात्यात नोकरी लागली आणि ती खात्याच्या टीमची झाली. तिथे तिचं काम ठरून गेलं. सायकलच्या शर्यतीत टीममधली एकच जिंकते, बाकीच्या तिच्यापुढे राहून वारा अंगावर घेतात, तिचे पाय शेवटासाठी राखून ठेवतात. निमाला वारा सोसायचा, कारण ती समुद्रावरची, असं तिचे प्रशिक्षक गमतीत म्हणायचे, आणि गमतीगमतीत तेरा-चौदा वर्षं तिला पुढे काढत राहिले. एकदा मावशीने विचारलं, तिकडं नक्की करतेस तरी काय. निमा म्हणाली, वारा खाते. मावशी सुकट निवडता निवडता थांबली. “वारा खायाला पगार देतान?” आम्ही दोघी पोट धरून हसलो, आणि मग कितीतरी दिवस निमाच्या ऑफिसातल्या कामाचं नाव ‘वारा खातं’ असंच होतं.

एक मोसम ती परदेशातल्या एका छोट्या टीमकडून पगारावर खेळली. पूर्वेकडच्या कुठल्या कुठल्या देशांतल्या मुली, एकीची भाषा दुसरीला कळत नाही. निमा पुढे वारा घेत असायची आणि सवयीने ओरडायची “हाय?” मागच्या मुलींना वाटायचं ही बाई भारीच अगत्याची, शर्यतीच्या मध्यावर नमस्कार-चमत्कार करतेय. मग त्याही ओरडायच्या “हाय!” तिकडून आल्यावर तिने मला हे सांगितलं तेव्हा मला हसू आवरेना. म्हणाली, अगो, इतकी छान पद्धत आपल्या देशात कुठल्या टीमला जमली न्हाय. एकीलाही कळत न्हवतं आणि एकही मागं सुटली न्हाय.

मग ती शर्यत. उत्तरेकडचं एक सपाट कोरडं गाव, देशातल्या सगळ्या चांगल्या मुली आलेल्या. निमा तेव्हा पस्तिशीला टेकलेली आणि हे शेवटचं वर्ष असं तिने मला सांगून ठेवलेलं. टीमची मुख्य खेळाडू सुमन, हरयाणाची, निमाहून बरीच लहान. पण निमा त्या हंगामात अशी काही चालली होती की आदल्या दिवशी प्रशिक्षकांनी सांगितलं, उद्या जिच्या पायात असेल तिने जायचं, कुणी कुणासाठी थांबायचं नाही. निमाने मला फोन केला. म्हणाली, “शुभे, उद्या माझ्यासाठी चालवायची हाय.” मी ऑफिसात आजारी असल्याचं कळवून विमानाने गेले. आयुष्यात पहिल्यांदा ती स्वतःसाठी शर्यत मारणार आणि मी तिथे नाही, असं कसं चाललं असतं.

शेवटच्या टप्प्यात त्या दोघीच पुढे निघाल्या. समोरून वारा, निमा पुढे, सुमन तिच्या चाकाला. मी शेवटच्या सरळ रस्त्याच्या कडेला केळी धरून उभी होते. लांबून दोन ठिपके आले, मोठे झाले, आणि मग पुढच्या ठिपक्याने पाय सोडले. मला दिसलं. निमाने मान वळवली, आणि तेवढ्यात सुमन बाजूने निघून गेली. मागून येणाऱ्या टोळक्यातल्या दोघींनी निमाला गाठलं आणि तिसरीही उरली नाही ती, चौथी आली. नंतर सुमन रडत सांगत होती की दीदी पुढे हाय, हाय करत होती, मला वाटलं त्यांना दुखतंय, हालत खराब आहे, म्हणून मी गेले. “मुझे क्या पता था दीदी पूछ रही हैं.” निमा म्हणाली, मी दोनदा विचारलं, उत्तर आलं नाही, वाटलं ही सुटली मागे, म्हणून वेग सोडला. सवय. प्रशिक्षकांनी डोक्याला हात लावला. एका शब्दाने घोटाळा केला म्हणून सगळे हळहळले, मग पेपरात त्याचं ‘सहकाऱ्यासाठी थांबली’ झालं, आणि थांबलीवरून त्याग व्हायला किती वेळ लागतो. मी मात्र सुमनवर दात धरून बसले. इतकी वर्षं एका टीममध्ये राहून एक शब्द कळू नये? निमा काही बोलायची नाही. विषय निघाला की “जाऊ दे गो” म्हणायची आणि उठून जायची. मला वाटायचं दुःख खोल आहे.

पुढच्या वर्षी तिने शर्यती सोडल्या, मोरव्याच्या पोरींना शिकवू लागली, आणि चार वर्षांनी पोटात दुखायला लागलं. कॅन्सर. पहिल्या उपचाराने मागे हटला, आम्ही पेढे वाटले, आणि तो परत आला. सगळ्या फेऱ्या मी केल्या, म्हणजे मी आणि दादूसने. मुंबईच्या हॉस्पिटलात जायचं तर घोडबंदरच्या नाक्यापासूनच गाडी मुंगीसारखी. मी ड्रायव्हरशेजारी, निमा मागच्या सीटवर आडवी, दादूसच्या मांडीवर पाय. मागे वळलं की मला तिचा चेहरा बघवायचा नाही, म्हणून मी समोर बघूनच विचारायचे, “हाय?” मागून यायचं, “हाय.” मग पुढचा सिग्नल. ड्रायव्हरलाही पाठ झालं होतं, मी विसरले तर तो आठवण करायचा. आम्हाला वाटायचं हे चांगलं चाललंय. तिला धीर येतोय असं वाटायचं मला. मी इतकी दमले होते की कधीकधी त्या ‘हाय’च्या आधारानेच घरी पोचायचे.

दुसराही उपचार लागू पडला नाही तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की अजून एक औषध आहे, करून बघता येईल, फार आशा ठेवू नका. दादूस आणि मी जिना उतरता उतरताच ठरवलं की करायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी मोरव्याला गेले. मावशी ओट्यावर बसून होती, कुकर गॅसवर. निमा खिडकीजवळच्या पलंगावर, हाडं आणि डोळे राहिलेले. ती पायांकडे बघत होती. ज्या पायांना सर ‘इंजिन’ म्हणायचे ते पाय चादरीखाली दिसतही नव्हते. मी खुर्ची ओढली आणि सुरू झाले. सोमवारी जायचं, रक्ताची बाटली आधी चढवतील, मी रजा टाकलीय, अजून एकदाच. आणि नेहमीसारखं शेवटी विचारलं, “हाय?”

ती बोलली नाही. मी पुन्हा विचारलं. मग ती म्हणाली, “शुभे, ती सुमन माझ्या मागंच व्हती. मना म्हायत व्हतं.”

मला आधी कळेना कशाबद्दल बोलतेय. तिने सावकाश, मध्ये थांबत थांबत सांगितलं. ऊन पाठीमागून येत होतं. सुमनची सावली तिच्या पुढच्या चाकाच्या बाजूला रस्त्यावर पडत होती, स्वच्छ, हेल्मेटसकट. ती सुटलेली नाही हे निमाला दिसत होतं. पण पायात काही उरलं नव्हतं. लोकांना वाटत होतं हिच्यात ताकद आहे, मी विमानाने आलेय, सर घरी टीव्हीसमोर बसलेत... आणि हिला फक्त थांबायचं होतं. “दमली व्हती गो मी. थांबायाला कारन पायजे व्हतं. म्हनून इचारलं. ती बोलली न्हाय, तवा बरं वाटलं.” आणि नंतर सगळ्यांनीच कारण उचलून धरलं, मग ती काय बोलणार. मी म्हटलं, आणि सुमन? ती बिचारी इतकी वर्षं रडतेय. निमा म्हणाली, सांगायचं राहून गेलं, लाज वाटायची, तू सांग.

मग तिने माझा हात धरला. तिच्या हाताला अजून हँडलचे घट्टे होते. “मना सोमवारी न्हाय जायाचं. आनि तू इचारू नको. तू इचारलंस का मना हाय म्हनावं लागतं.”

मी उठून बाहेर गेले. मला तिचा राग आला होता, खरंच सांगते. मी एवढं केलं, आणि ही म्हणतेय नको. स्कूटरवर जाऊन बसले. समोर मावशीच्या जाळ्यावर बोंबील वाळत होते, एक मांजर खाली ताटकळत बसली होती. किती वेळ बसले कुणास ठाऊक. मावशी बाहेर आली, माझ्या शेजारी उभी राहिली आणि म्हणाली, “तिला झोप न्हाय गो मिलत. तुमी आलाव का जागी ऱ्हाते.” एवढंच. मग मी तिथूनच दादूसला फोन लावला. तो भांडला, रडला, आणि शेवटी तयार झाला. हॉस्पिटलला कळवलं की सोमवारी येणार नाही.

त्यानंतरचे दिवस खरं तर चांगले गेले. असं लिहिताना कसंतरी वाटतं, पण गेले. दुखणं थांबवायची औषधं घरीच देत होतो. मी जायचे, विचारायचे काही नाही. ती झोपलेली असली तर बसून राहायचे. जागी असली तर मागच्या गोष्टी निघायच्या, वारा खातं निघायचं, लाडू खाल्लेले सर निघायचे. एकदा तिने बोंबलाचं कालवण मागितलं आणि दोन चमचे खाऊन म्हणाली, बस. पूर्वी मी “अजून एक घास” म्हटलं असतं. मी ताट उचललं. ती इतकी गाढ झोपायला लागली होती की मावशी कुकरची शिट्टी होऊ देत नव्हती, आधीच गॅस बंद करायची, आणि आम्ही सगळे अर्धाकच्चा भात खायचो.

निमा गेल्यावर सुमनला मी फोन केला. माझं हिंदी मिरा रोडचं, तिचं हरयाणाचं, पण सांगितलं. सावलीचं सांगितलं. ती म्हणाली, “तो दीदी थक गई थीं?” मी म्हटलं, हां, बस थक गई थी. ती रडायला लागली, पण ते रडणं आधीचं नव्हतं. मलाही पहिल्यांदा तेव्हाच रडू आलं. त्या मुलीवर मी उगीच दात धरून बसले होते. बॅनरवाल्यांनाही सांगणार होते, पण त्यांना कोण समजावणार, तेवढी ताकद माझ्यात उरली नाही.

परवा सलीमभाईकडून स्कूटर आणली. त्याने ब्रेकचं काम करून ती तशीच ठेवून दिली होती. या वेळी त्याने विचारलं नाही, म्हणून मीच म्हटलं, आरशाचं राहू दे हं. तो “मालूम है” म्हणाला. घरी जायचं सोडून मी भाईंदरला वळले, पुलावरून पश्चिमेला, आणि मोरव्याला मावशीला भेटून तशीच पुढे उत्तनच्या रस्त्याला लागले. संध्याकाळचं ऊन होतं, रस्ता बऱ्यापैकी मोकळा. डोंगरीच्या चढाला हात आपोआप एका वेगावर आला, तोच जुना वेग, आणि तोंड उघडलं. ओठांवर आलं होतं. मागे वळून बघितलं नाही. विचारलंही नाही... उगीच तिला हाय म्हणावं लागलं असतं.